घाडीकाकांचा नारळ

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर दर रविवारी सकाळी तीन-चार धट्टेकट्टे पुरुष पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून, पाय लांब करून ओळीने बसतात आणि नारळाला आंघोळ घालतात.

नवीन भाडेकरू हे पहिल्यांदा बघतात तेव्हा घाबरतात. एका बाईंनी तर सेक्रेटरींना फोन करून विचारलं होतं, की वर काही करणी-बिरणी चालते का. त्यातून शिकवणाऱ्याचं आडनाव घाडी. कोकणात घाडी म्हणजे देवाला गाऱ्हाणं घालणारे, भुतंखेतं बघणारे, त्यामुळे बाई कोकणातल्या असत्या तर त्यांनी फोनसुद्धा केला नसता, सरळ सामान बांधलं असतं.

नारळ सोललेला असतो, शेंडी तेवढी ठेवलेली. शेंडीची बाजू म्हणजे डोकं. आधी त्याला कोमट तेल चोळायचं, मग दोन्ही नडग्यांच्या मधल्या खाचेत पालथा ठेवायचा, तांब्यातलं पाणी हाताच्या आडोशाने सोडायचं आणि शेवटी डाव्या हाताने मान धरून उताणा करायचा. नारळाला मान नसते, अशी शंका तिसऱ्या मजल्यावरच्या एका इंजिनिअरने काढली होती. घाडीकाका म्हणाले, "पोराक पण सुरवातीक नसता. म्हणानच हात लावूचो." इंजिनिअरने निमूट हात लावला.

तेल लावलेला नारळ हातातून सटकतो. सटकून फुटला, तर त्या भावी बापाने त्याची चटणी करायची आणि प्रत्येक दारात नेऊन द्यायची, अशी शिक्षा होती. दुपारी बेल वाजली आणि दारात खाली मान घालून, वाटी घेऊन कोणी उभा असला की आज कोणाचं 'बाळ' पडलं ते सगळ्या बिल्डिंगला कळायचं. आमच्याकडे डोसे असले की मला मनातून वाटायचं, आज कोणाच्या तरी हातून पडू दे.

दत्ताराम घाडी, म्हणजे घाडीकाका, आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर एकटे राहतात. वय सत्तरीच्या पुढे. इथल्याच एका कारखान्यात फिटर होते. कारखाना गेला, तिथे टॉवर आला, इथली बैठी चाळ गेली, तिथे ही बिल्डिंग आली, पण काकांचा पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि हातातली लांब दांड्याची छत्री तशीच राहिली. छत्री ऊन-पावसासाठी नाही. तिच्या वाकड्या मुठीचा उपयोग पुढे सांगते. काकी जाऊन काही वर्षं झाली. मूलबाळ नव्हतं, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. स्वतःला नाही म्हणून दुसऱ्यांच्या पोरांचा एवढा सोस, असं आमचे सेक्रेटरी एकदा म्हणाले, आणि मला ते आवडलं नाही तरी मीही मान डोलावली होती.

काका कोणाला "कसं काय" असं विचारत नाहीत. "जेवलास?" नाही, "ऑफिसला निघालास?" नाही. त्यांचा एकच प्रश्न असतो, तोही फक्त पुरुषांना.

"आत गेलंस काय?"

याचा अर्थ समजायला स्टेशनकडून येतानाचं ते छोटं प्रसूतिगृह बघायला हवं. तळमजला आणि वर एक मजला, दोन पायऱ्या, पांढरं जाळीचं गेट. समोर चहाची टपरी. तपासणीच्या दिवशी बायका फाइल घेऊन आत जातात आणि त्यांचे नवरे टपरीवर उभे राहतात. कोणी मोबाइलवर मॅच बघतो, कोणी उगाच स्कूटरचा आरसा पुसतो. बायको बाहेर आली की, "काय म्हणाल्या?" ती म्हणते, "सगळं ठीक आहे." संपलं. इतकं बोलून दोघं घरी जातात.

काका निवृत्त झाल्यावर या टपरीवर चहाला येऊन बसू लागले आणि हा देखावा बघून त्यांचं डोकं फिरलं. ते उठायचे, छत्रीची वाकडी मूठ नवऱ्याच्या कोपरात अडकवायचे आणि ओढत गेटपर्यंत न्यायचे. बहुतेकांची उत्तरं ठरलेली. आत बायकांची गर्दी असते. डॉक्टर रागावतील. चपला कुठे ठेवू. कोणी अगदीच चिडून विचारी, आत माझं काय काम? त्यावर काका सगळ्या टपरीला ऐकू जाईल असं सांगत, "तुजा काम झाला म्हणानच ती आत गेली." टपरी हसायची आणि तो बिचारा लाजेने का होईना, आत पळायचा.

सुरुवातीला डॉक्टरबाई वैतागल्या. मग त्यांच्या लक्षात आलं, की नवरा आत बसला की बाई जास्त बोलते. पाय सुजतात, चक्कर येते, सासूबाई दूध पिऊ देत नाहीत, हे सगळं नवऱ्यासमोर एकदा निघालं की घरी जाऊन पुन्हा काढावं लागत नाही. त्यांनी पेशंटच्या खुर्चीशेजारी आणखी एक खुर्ची कायमची ठेवली. तिला सगळे काकांची खुर्ची म्हणतात. गंमत म्हणजे काका त्या खुर्चीवर कधी बसले नव्हते. नवऱ्याला ढकलायचं ते पायरीपर्यंत. पायरीशी आले की छत्री काखेत मारून मागे वळायचे. मला वाटायचं, हे अदबीने होतं.

काकांचं ज्ञान सगळंच बरोबर होतं असं मात्र नाही. डॉक्टरबाईंनी एकदा सांगितलं, की डाव्या कुशीवर झोपावं. हे काकांपर्यंत कोणा नवऱ्यामार्फत पोचलं आणि त्यांनी समजून घेतलं ते असं, की दोघांनीही डाव्या कुशीवर झोपावं. आमच्या बिल्डिंगमधले कितीतरी पुरुष महिनोन् महिने बायकोकडे पाठ करून, डाव्या कुशीवर, हात अवघडून झोपले. डिंकाचे लाडू वळताना नवऱ्याने दर पाचवा लाडू स्वतः खावा, असाही त्यांचा एक नियम होता. तो मात्र कोणी दुरुस्त करायला गेलं नाही.

लोहाच्या गोळ्यांचं तर विचारूच नका. जेवणानंतरची गोळी बायको विसरते, म्हणून नवऱ्याने मोबाइलला गजर लावायचा, असा काकांचा हुकूम होता. सोसायटीच्या वार्षिक सभेत पाण्याच्या टाकीवरून जोरात भांडण चाललं होतं. एक जण सेक्रेटरींना भ्रष्ट म्हणण्याच्या अगदी काठावर आला होता, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. शेजारच्याचाही वाजला. मागून आणखी एकाचा. तिघं उठले, "गोळी," एवढंच म्हणाले आणि जिना चढून गेले. ते परत येईपर्यंत सेक्रेटरींनी टाकीचा ठराव मंजूर करून घेतला.

हे सगळं मी लांबून, मजेत बघत होते. मी घाटकोपरच्या एका शाळेत गणित शिकवते. माझा स्वभाव तिरकस आहे, असं माझा नवरा सुमेध म्हणतो. तो अंधेरीला एका कंपनीत कॉम्प्युटर दुरुस्त करतो आणि स्वतःचा स्वभाव फारसा वापरत नाही. चांगला माणूस आहे. पण बाहेर उभा राहणारा. साडीच्या दुकानाबाहेर, लग्नात बायकांच्या खोलीबाहेर, मी रडत असले तर बेडरूमच्या दाराबाहेर. आत येऊन काय बोलायचं ते सुचत नाही, म्हणतो.

मला दिवस गेले आणि आम्ही पहिल्या तपासणीला त्याच प्रसूतिगृहात गेलो. गेटशी सुमेध म्हणाला, "तू जाऊन ये प्रज्ञा, मी स्कूटर बघतो." स्कूटर स्टँडवर लावलेली होती, कुठे पळून जाणार नव्हती. मी दोन पायऱ्या चढले आणि मागे बघते तर छत्रीची मूठ सुमेधच्या कोपरात.

तो आत आला. काकांच्या खुर्चीवर बसला. डॉक्टरबाईंनी मशीन लावून बाळाचे ठोके ऐकवले तेव्हा मी त्याच्याकडे बघितलं. त्याचे कान लाल झाले होते. संध्याकाळी मी कपडे घडी करत होते, तेव्हा येऊन म्हणाला, "बाळ खूप घाईत वाटलं नाही? कुठे जायचंय एवढं?" त्यानंतर त्याने एकही तपासणी चुकवली नाही. रविवारी गच्चीवर जाऊ लागला. पहिल्याच दिवशी त्याने नारळ फोडला आणि आमच्या घरून सगळ्या बिल्डिंगला चटणी गेली. लसूण जास्त झाली होती.

पण एक गोष्ट ठरलेली होती आणि तिच्यावर कोणी बोलत नव्हतं. पहिलं बाळंतपण माहेरी. माझं माहेर साताऱ्याकडे, कोरेगावजवळच्या एका गावात. सातव्या महिन्यात आई येणार, घरातल्या घरात डोहाळजेवण होणार, आणि मग मी तिच्याबरोबर जाणार. सुमेधने रजा टाकायची ती बारशाला. त्याच्या वडिलांनी तसंच केलं होतं, माझ्याही वडिलांनी तसंच. आईने माझी खोली सारवून, नवी गादी भरून ठेवली होती. तिथे तिच्या हातची बाजरीची भाकरी होती, शेजारपाजारच्या चुलत्या होत्या, मला जायचं होतंच. फक्त त्या वेळी सुमेध माझ्याजवळ असावा, एवढंच मला हवं होतं. हे मी आईला सांगितलं असतं तर तिला वाटलं असतं, हिला आता आई नको झाली. सुमेधला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, आईंना वाईट वाटेल. म्हणून मी ते कोणालाच सांगितलं नाही आणि दोघांवरही चिडचिड करत राहिले.

काकांना हे कळलं तेव्हा ते पहिल्यांदाच आमच्या घरी आले. सोफ्याच्या अगदी कडेवर बसले, छत्री दोन्ही हातांत उभी धरून. म्हणाले, "बाय, जाव नको." एवढंच. मी समजावलं, की आमच्यात तशी पद्धत आहे, आईची हौस आहे. त्यांनी मान हलवली, चहा तसाच ठेवला आणि गेले. पुढच्या रविवारी गच्चीवरचा वर्ग झाला नाही. सुमेध नारळ घेऊन वर जाऊन परत आला.

मग काकांचे उद्योग सुरू झाले. सुमेधच्या साहेबांना फोन करून बाळंतपणाची रजा मागायचा त्यांचा बेत मी वेळीच हाणून पाडला. मी दोनदा सांगितलं, की जायचं ठरलंय. डोहाळजेवणाच्या दिवशी घर बायकांनी भरलं होतं. आई आली होती, बिल्डिंगमधल्या सगळ्या जणी होत्या, सुमेधला प्रथेप्रमाणे बाहेर काढलं होतं. मी हिरव्या साडीत, फुलांच्या वाडीत सजून बसले होते. तेवढ्यात दार उघडलं आणि काका सुमेधला छत्रीने ओढत आत घेऊन आले. आत म्हणजे उंबऱ्यापर्यंत. तिथून त्यांनी त्याला ढकललं. सुमेधच्या हातात एक भरलेली बॅग होती. काका बाहेरूनच म्हणाले, की मुलगी जाते तर जावयालाही न्या, त्याचे कपडे, दाढीचं सामान सगळं भरलंय, बारशापर्यंत ठेवून घ्या. बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. शेजारच्या मावशींनी तर सुमेधला माझ्याशेजारी बसवून त्याच्या डोक्यात गजरा माळला. मीसुद्धा हसले.

आई हसली नाही. ती स्पष्ट बोलणारी बाई आहे. तिला वाटलं, हा कोण परका म्हातारा आमच्या घरच्या गोष्टीत नाक खुपसतोय. ती उठून दाराशी गेली आणि म्हणाली, "अहो, एवढं सांगताय, तुमच्या मालकिणीच्या वेळेला तुम्ही कुठं होता?"

काका म्हणाले, "भायर."

ते ज्या तऱ्हेने म्हणाले, त्यावरून हे टपरीवरचं बोलणं नव्हतं, हे सगळ्यांनाच कळलं. आईलाही कळलं. तिने बाकीच्या बायकांच्या हातात जेवणाची ताटं देऊन त्यांना दुसऱ्या खोलीत पाठवलं, पॅसेजमध्ये दोन खुर्च्या टाकल्या आणि काकांना बसवलं. मी आणि सुमेध दारात उभे राहिलो. गजरा काढायचं त्याला सुचलंच नाही.

काकी पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेल्या होत्या, वेंगुर्ल्याकडे. काका इथे कारखान्यात. दिवस भरायच्या आधीच पोटात दुखू लागलं, तिकडून निरोप आला आणि काका मिळेल त्या गाडीने निघाले. पोचले तेव्हा सासरे पडवीत बसले होते. मुलगा झाला होता आणि गेलाही होता. पोरासोरांना जाळत नाहीत, परसातल्या माडाखाली ठेवून मंडळी हातपाय धुऊन मोकळी झाली होती. बापासाठी थांबायचं, हे कोणाच्या मनातही आलं नव्हतं. काकी आत काळोख्या खोलीत. बाळंतिणीचं सुवेर, म्हणजे विटाळ, पुरुषाने जायचं नसतं. काका पडवीत उभे राहिले. आतून काकींनी हाक मारली, "आयलास? आत येवा." सासऱ्यांनी मान वर करून बघितलं. काका हलले नाहीत. परत एकदा हाक आली.

"माका कोण मारूचो नाय होतो," काका म्हणाले. "उंबरो तर होतो. पण मी आत जावक नाय."

नंतर मूल झालंच नाही. काकी मुंबईला परत आल्या, संसार झाला, चांगला झाला. काका पुढे जे म्हणाले ते ऐकून आईने डोळ्यांना पदर लावला. "तो कसो होतो, तां फक्त तिना बघल्यान. माका बघूक गावलो नाय. मी इचारी, गो, कोणासारखो होतो? झगडा झाला की सांगी, माझ्या बापाशीसारखो. माशाची कढी बरी झाली की सांगी, तुमच्यासारखो. दरवेळी येगळा. मी म्हटलंय, एकदा बरोबर इचारून घेऊक व्हया. ऱ्हवलां." मग म्हणाले, "आता कोणाक इचारू?"

आतल्या खोलीत कोणीतरी कोशिंबीर वाढा म्हणून ओरडलं.

त्या संध्याकाळी आईने माझी बॅग उघडली. मला वाटलं, काही राहिलं असेल ते भरतेय. ती एकेक साडी काढून परत कपाटात ठेवत होती. म्हणाली, माझंच चुकलं, तुला विचारायला हवं होतं. मग मी रडले आणि इतके महिने मनात ठेवलेलं सगळं सांगून टाकलं. सुमेध दाराबाहेर उभा होता. तो आत आला. काही बोलला नाही, पण आत येऊन बसला. आई गावी जाऊन भाकरीचं पीठ, डिंक, जुन्या मऊ साड्यांची गाठोडी आणि माझ्यासाठी भरलेली नवी गादी घेऊन परत आली. माहेर मुलुंडला आलं.

गच्चीवरचा वर्ग पुन्हा सुरू झाला. आता आईही वर जाऊन बसायची आणि काकांच्या चुका काढायची. नारळ असा धरतात होय, कान दुमडेल त्याचा, म्हणायची. नारळाला कान नसतो, हे कोणी म्हणालं नाही. एका रविवारी काकांनी गरम पाण्याचं भांडं उचललं तेव्हा आई सहज म्हणाली, आमचं बाळ आलं, की एकदा तुम्हीच त्याला नातवंडासारखं घेऊन आंघोळ घाला. काका म्हणाले, बघू. आणि लगेच दुसऱ्या कोणाला तरी ओरडले.

माझी वेळ सकाळीच आली. सुमेध ठरल्याप्रमाणे आत होता. डॉक्टरबाईंनी त्याला माझ्या डोक्याशी उभं केलं. त्याने काय केलं, असं कोणी विचारलं तर सांगण्यासारखं काही नाही. माझा हात धरला, घाम पुसला, मी शिव्या दिल्या त्या ऐकल्या, आणि सिस्टर म्हणत त्याप्रमाणे माझ्याबरोबर श्वास घेत राहिला, इतका की शेवटी त्यालाच चक्कर येईल अशी भीती सिस्टरना वाटली. पण तो तिथून हलला नाही. मला त्या वेळी एवढंच हवं होतं आणि ते मला मिळालं. दुपारी मुलगी झाली.

मला तळमजल्यावरच्या खोलीत आणलं. खिडकी गेटकडे उघडते, त्यामुळे बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. काका सकाळपासून टपरीवर होते. चहावाला त्यांना घरी जा म्हणून सांगून दमला होता. मी सुमेधला म्हटलं, "काकांना आत घेऊन ये."

तो बाहेर गेला. इतक्या रविवारांत त्याने उचललेली मोडकीतोडकी मालवणी कानावर आली. "काका, तुमी भायर कित्याक उबे रवलास?"

काका म्हणाले, आत बायकांची गर्दी असतली. सुमेध म्हणाला, कोणी नाही, आम्हीच आहोत. काका म्हणाले, डॉक्टरबाई रागावतील. मग म्हणाले, चपला खंय ठेवू. शेवटी म्हणाले, "आत माझा काय काम, बाबा." मी पडल्या पडल्या ऐकत होते. टपरीवर इतकी वर्षं त्यांनी ज्यांच्यावर छत्री उगारली, त्यांची सगळी उत्तरं ते एकेक करून देत होते, आणि मला हसू येत होतं, डोळेही भरत होते. माझ्याजवळ बसलेली आई उठून जायला निघाली. मी तिला थांबवलं.

उठून बसायची ताकद नव्हती. मी खिडकीकडे तोंड करून जमेल तेवढ्या मोठ्याने म्हटलं, "काका, आत या."

मग मी परत एकदा म्हटलं.

पायऱ्यांवर छत्रीचा ठोका ऐकू आला. एक, मग बऱ्याच वेळाने दुसरा. काका दारात आले. अनवाणी होते. चपला त्यांनी टपरीवरच सोडल्या होत्या. उंबऱ्याशी जरा थबकले, आईकडे बघितलं, आणि आत आले.

सुमेधने डॉक्टरबाईंच्या खोलीतून ती खुर्ची आणून ठेवली. काका बसले. आईने दुपट्यात गुंडाळलेली माझी मुलगी त्यांच्या हातात दिली. ज्या हातांनी सगळ्या गल्लीतल्या बापांना मान धरायला शिकवलं, ते हात आता मान शोधत राहिले, तेव्हा सुमेध पटकन खाली वाकला आणि त्याने आपला तळवा त्यांच्या तळव्याखाली धरला. काकांनी आजवर फक्त नारळच धरले होते, हे मला तेव्हा कळलं. मला ते आधी का सुचलं नाही, कोण जाणे.

ते म्हणाले, "जड असता गो." मग सुमेधकडे बघून, अगदी ओशाळून, "मी तुमका सगळ्यांका हलक्या नारळार शिकवलंय. आणि ह्यां गरम असता."

आई त्यांच्याजवळ स्टूल ओढून बसली. ती मघापासून दहा वेळा म्हणाली होती, की पोरगी आमच्या घरावर गेली आहे, नाक बघा, हनुवटी बघा. आता मात्र ती हळूच म्हणाली, "तुम्ही नीट बघा भाऊ. कोणासारखी आहे ते तुम्हीच सांगा. तुम्ही सांगाल तेच आम्ही धरू."

काकांनी छत्री पायाशी ठेवली. दुपट्याची कड बोटाने बाजूला केली. कपाळ बघितलं, बंद डोळे बघितले, मुठी बघितल्या. मुलीने जांभई दिली तीही बघितली. सिस्टर दारात येऊन म्हणाल्या, की आता पुरुषमंडळींनी बाहेर व्हायला हवं, बाईला आराम पडू दे. सुमेध उठला. काका उठले नाहीत.

"इतक्यात नाय सांगूक येणा," ते मान वर न करता म्हणाले. "अजून थोडा बघूक व्हया."

सिस्टरनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यांनी दार लोटून घेतलं आणि त्या गेल्या.